ताट परत येईपर्यंत

दुपारी झोपायची सवय मला बहरीननं लावली. त्याआधी दुपारी लोळणारी बाई म्हणजे आळशी, असंच मी ऐकत आले होते. तिथल्या नईम वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत मात्र दुपारी दुसरं करण्यासारखं काही नसायचं. खिडकीतला एसी घुरघुरायचा, पडद्याच्या कडेनं पांढराशुभ्र उजेड आत झिरपायचा आणि डोळे मिटले की मला पाणी दिसायचं. सुरुवातीला ते आमच्या गावच्या खाडीचं असे. मग बहरीनच्या धक्क्यावरच्या लाकडी गलबतांखालचं हिरवट पाणी त्यात मिसळलं आणि पुढे नाईलही येऊन मिळाली. आता इतक्या वर्षांनी ही तिन्ही पाणी मला वेगळी करता येत नाहीत. आफ्रिकेतली म्हणून एखादी गोष्ट सांगायला घेते आणि मध्येच लक्षात येतं, की हा माणूस तर मला बाब अल बहरीनच्या वेशीजवळच्या कापडाच्या दुकानात भेटला होता. ऐकणारे हसतात. हसोत बापडे.

सत्तरचं दशक उताराला लागलं होतं. मी रत्नागिरीकडची, आमचे हे पुण्याचे. बहरीनच्या मीना सलमान बंदरात जहाजांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये हे इंजिनियर होते आणि लग्नाआधी कितीतरी वर्षं तिथे एकटे राहिले होते. बाकीची मराठी मंडळी रजा मिळाली की साबण, अत्तरं नि ट्रान्झिस्टरनी बॅगा फुगवून घरी पळायची. हे पाठीवर एक पिशवी टाकून भलतीकडेच जायचे. इराण झालं, तुर्कस्तान झालं. आता भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा होता आणि पेन्सिलीनं आखलेली एक रेघ सुदानातून खाली उतरत केनियाच्या किनाऱ्याला टेकत होती. लग्न ठरवताना हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा निर्व्यसनी आहे, एवढंच सांगितलं होतं.

निर्व्यसनी होतेच. रागावत नसत, टाकून बोलत नसत. पण बोलतच नसत त्याला काय करायचं? वर्कशॉपमधून आले की अंघोळ, जेवण आणि नकाशा. माझ्यासाठी दिवसातली सगळ्यात अवघड वेळ जेवणाची होती. नवऱ्याचं झाल्याशिवाय बायकोनं बसायचं नाही, हे मी माहेराहून पदरात बांधून आणलं होतं. तिथे पाहायला ना सासू होती ना सासरा, तरी मी ते पाळत होते. मी वाढायची आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. भात संपला की भात, आमटी संपली की आमटी. आग्रह करायची, कारण आग्रह करायचा असतो. हे घ्यायचे, कारण वाढणाऱ्याचा आग्रह मोडायचा नसतो. शिवाय पानात कण टाकायचा नाही, ही ह्यांच्या घरची शिस्त. लहानपणी पान स्वच्छ होईपर्यंत वडील उठू देत नसत म्हणे. हे ताट इतकं लखलखीत करायचे की घासायची गरज वाटू नये. मग हात धुताना म्हणायचे, "खलास! सगळं साफ." आणि खरोखरच बऱ्याचदा सगळं साफ झालेलं असायचं. मी उरलेला भात ताकात कालवून ओट्यापाशी उभ्यानं खायची आणि मला रडू यायचं. ते भुकेचं होतं की कसलं, ते तेव्हा कळत नव्हतं.

दोन वर्षं अशी काढल्यावर एका सकाळी मी म्हटलं, "मला घरी जायचंय."

"रजेवर?" ह्यांनी विचारलं.

"नाही. कायमचं."

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. दुसरा कुणी असता तर भांडला असता, निदान कारण तरी विचारलं असतं. हे म्हणाले, "रजा आलीये माझी. आफ्रिकेला जायचं ठरवलंय. तूही चल. मोंबासाहून मुंबईला बोट जाते. तिथपर्यंत माझ्याबरोबर ये आणि तिथं तुला वाटलं तर बोटीत बस. मी अडवणार नाही." नवरा-बायकोनं असा करार केलेला मी कुठे ऐकला नव्हता. पण मला तो पटला. बोटीत बसायचं हे माझं तेव्हाच पक्कं झालं होतं. आफ्रिका म्हणजे माझ्या लेखी माहेरी जायचा जरा लांबचा रस्ता होता.

खार्टूमला विमानातून उतरलो तेव्हा उन्हाची सवय कामी आली, बाकी काही नाही. बहरीनमध्ये समुद्र कुठे ना कुठे असतोच. इथे नुसती लाल धूळ होती आणि तिच्यातून पांढरे झगे घातलेली उंच माणसं संथपणे चालली होती, कुणालाच कुठे पोचायची घाई नसल्यासारखी. ह्यांचं बहरीनचं अरबी ऐकून लोक पोट धरून हसायचे. मी नईमच्या शेजारणीकडून थोडे शब्द उचलले होते, ते मात्र बायकांना चटकन कळायचे. त्या भर रस्त्यात माझा हात धरायच्या, कपाळावरच्या कुंकवाला बोट लावून बघायच्या आणि मुलं किती विचारायच्या. नाहीत म्हटलं की वाईट वाटून माझ्या दंडावरून हात फिरवायच्या. गावाकडून पत्रात कुणी असं विचारलं की मी चिडायची. तिथे का कोण जाणे, चिडले नाही.

दक्षिणेला जायचं तर कोस्ती नावाच्या गावापर्यंत आगगाडी आणि तिथून नाईलमधून आगबोट. गाडीत एक रेल्वेचा कारकून भेटला. आगबोट कधी येईल विचारलं तर म्हणाला, "इंशाल्ला, येईल." कोस्तीला पोचलो तर ती आली नव्हतीच. लोक सामानावर डोकं ठेवून धक्क्यावर पडले होते. हे स्वप्न आहे आणि आपण नईममध्येच दुपारचे झोपलो आहोत, असं मला तिथे सारखं वाटायचं. नदी कुठे जातेय ते कळू नये इतकी हळू वाहायची. पलीकडचा काठ उन्हात उचलला जाऊन हवेत तरंगत राहायचा. वेळेला तिथे काही धरबंध नव्हता आणि मलाही हळूहळू त्याचं काही वाटेनासं झालं. त्या कारकुनानं आम्हाला एका दुपारी गावातल्या आपल्या घरी जेवायला बोलावलं.

घराला दोन अंगणं होती. बाहेरचं पुरुषांचं, आतलं बायकांचं. ह्यांना बाहेर बसवलं आणि मला आत नेलं. आत कारकुनाची म्हातारी आई होती, बायको होती, नणदा-जावा होत्या आणि पोरांचा गलका. सुंभानं विणलेल्या बाजेवर मला बसवून त्या सगळ्याजणी माझ्या भोवती गोळा झाल्या. त्या अंगाभोवती एक लांबलचक तलम वस्त्र गुंडाळतात, त्याला तोब म्हणतात. त्यांनी माझ्या साडीचा पदर धरून लांबी मापली, आपला तोब शेजारी धरला आणि दोन्ही जवळजवळ सारखे निघाल्यावर टाळ्या वाजवल्या. मग एकीनं माझ्या मनगटांना तेल चोळलं. चंदनाचा वास आला. आमच्या देवघरात सकाळी यायचा तोच वास, हजारो मैलांवर, परक्या बाईच्या ओंजळीतून. माझे डोळे भरून आले. त्यांनी तेल झोंबलं असं समजून पाण्याचा तांब्या पुढे केला.

कोपऱ्यात चुलीवर जेवण झालं होतं. ज्वारीचं आंबवलेलं पीठ तापलेल्या पत्र्यावर पसरून त्या कागदासारख्या पातळ पोळ्या काढतात, आपल्या घावनाचीच बहीण. त्याबरोबर वाळलेल्या भेंडीची पूड घातलेलं दाट कालवण आणि नदीतली तळलेली मासळी. हे सगळं एका भल्यामोठ्या गोल ताटात रचून बाहेर पुरुषांकडे गेलं. आत आमच्यासाठी काही आलं नाही. मला वाटलं, येईल. गप्पा चालल्या होत्या, म्हणजे त्या बोलत होत्या आणि मी हसत होते. पोरं मधल्या दारापाशी जाऊन डोकावून येत होती. मला भूक लागली होती. मग एकदम उमगलं, की ह्या सगळ्या त्याच ताटाची वाट बघताहेत. पुरुषांनी आणि पाहुण्यानं आपल्यापुरतं खायचं आणि ताट आत यायचं, मग बायका-मुलांनी त्याच्याभोवती बसायचं. म्हणून तर ते एवढं मोठं होतं. ताटात भरपूर सोडणं ही तिथली पाहुण्याची रीत होती.

आमच्या पाहुण्याला मी ओळखत होते ना!

बाहेर काय चाललं असेल ते मला भिंतीआडून दिसत होतं. कारकून मासळीचा चांगला तुकडा ह्यांच्यापुढे सरकवत असणार, कारण आग्रह तिथेही करतात. हे तो मोडत नसणार. पाहुणा खातोय तोवर यजमानानं हात आखडायचा नाही, म्हणून तोही खात असणार आणि मनात म्हणत असणार, हा थांबणार कधी? आणि हे तळाशी चिकटलेलं कालवण पोळीच्या तुकड्यानं पुसून घेत असणार. उठून बाहेर जावं, ह्यांना हाक मारावी, असं हजारदा मनात आलं. पण बायकांच्या अंगणातून पुरुषांच्या अंगणात कसं जायचं? आणि जाऊन सांगायचं काय?

ताट आत आलं. लखलखीत. मासळीचे काटे एका बाजूला नीट रचून ठेवलेले. सगळ्यात धाकटी पोर ताटात वाकून बघत राहिली. मग म्हातारीनं हात वर करून देवाचे आभार मानले, पाहुण्याला जेवण आवडलं म्हणून, आणि एक जाऊ फिस्सकन हसली. हसण्याची साथच पसरली. पदर सावरत त्या पुन्हा चुलीपाशी बसल्या, उरल्यासुरल्या पिठाच्या पोळ्या काढल्या, कांदा चिरला, तेल-मीठ घातलं आणि पहिली पोळी माझ्या हातात ठेवली. सगळ्याजणी एकाच ताटाभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसलो. पोरं मांड्यांवर. एकमेकींच्या पुढ्यात तुकडे टाकत, कुणाची तरी नक्कल करत, बहुधा ह्यांचीच, त्या मजेत जेवत होत्या.

पोळी माझ्या हातातच राहिली. आधी शरमेनं आणि मग रागानं. वाटलं, ह्या बायका चिडत कशा नाहीत? पुरुषांनी उरवलेलं खायचं, तेही न उरल्यावर कांदा नि मीठ? पण त्यांच्याकडे बघता बघता राग कुठल्या कुठे गेला आणि मला त्यांचा हेवा वाटायला लागला. खरंच हेवा. त्या उरलेलं खात होत्या तसंच मीही नईममध्ये रोज खात होते. फक्त त्या एका ताटाभोवती बसल्या होत्या आणि मी ओट्यापाशी एकटी उभी. माझं दुखत होतं ते इथे. हे मला कुणी समजावून सांगितलं असतं तर पटलं नसतं. शेजारची बाई आपल्यातला अर्धा कांदा मुकाट्यानं माझ्याकडे सरकवत होती, तेव्हा समजलं.

परतताना हे खुशीत होते. "पोट फुटेस्तोवर खाल्लं. कण टाकला नाही. किती बरं वाटलं असेल त्यांना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर आगबोटीची वाट बघत बसलो होतो, तेव्हा मी ह्यांना सांगितलं. अगदी साधं सांगितलं, की ते ताट आमचं होतं. आधी हे वाद घालायला लागले. "पानात टाकणं म्हणजे अन्नाचा अपमान." मग मी ताटात वाकलेल्या त्या धाकटीचं सांगितलं. हे कानापर्यंत लाल झाले. एवढा मोठा इंजिनियर माणूस, पायानं वाळू उकरत बसला. मग उठून बाजारात गेले आणि साखरेची मोठी पुडी घेऊन त्या घराच्या बोळात घुटमळत राहिले. कारकुनानं साखर घ्यायला साफ नकार दिला. मुलांसाठी आहे म्हटल्यावर मात्र घेतली. ह्यांनी काय केलंय ते त्याला कळलं होतं, पण त्यानं ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

आगबोट शेवटी आली. तिच्या दोन्ही अंगांना सपाट पडाव बांधलेले, त्यांवर माणसं, बकऱ्या, कोंबड्या, चुली. पुढचे दिवस मला दिवस म्हणून आठवतच नाहीत. दोन्हीकडे माणसाहून उंच लव्हाळी होती आणि मधून आम्ही तरंगत होतो. कधी लव्हाळी फाकून काठ दिसायचा आणि अंगाला राख फासलेले उंच पुरुष गुरांच्या कळपात एका पायावर उभे असायचे. अंगावर कपडा नाही. पहिल्यांदा मी मान फिरवली. नंतर दिसलं, की तेही माझ्याकडे तितक्याच आश्चर्यानं बघताहेत, एवढं कापड गुंडाळून ही बाई चाललीय कुठे म्हणून.

त्या बोटीवर ह्यांनी एक नवीनच खूळ काढलं. समोर काही आलं की अर्धं टाकून उठायचं. मी वैतागले. "अहो, इथे मागे कुणी थांबलेलं नाही. जेवा नीट."

हे लव्हाळ्यांकडे बघत म्हणाले, "नईमला तू माझ्यानंतर काय खायचीस?"

"उरेल ते."

"पण तू आधीच जेवतेस ना? स्वयंपाक करता करता?"

दोन वर्षं! दोन वर्षं हा माणूस समजत होता, की मी आधीच जेवून घेते आणि पातेल्यात आहे ते सगळं त्याच्यासाठी आहे, म्हणून ते संपवणं हे त्याचं कर्तव्य. आणि मी समजत होते, की त्याला दिसतंय आणि तरी तो संपवतोय. मी हसायला लागले आणि हसता हसता रडले. पडावावरची एक बाई उठून आली, तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ह्यांच्याकडे असं बघितलं की हे चार हात मागे सरकले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मोंबासाला मी बोटीत बसले. ट्रकमधून, बसमधून हाडं खिळखिळी करून घेत तिथे पोचलो, समोर पुन्हा समुद्र दिसला आणि हे स्वतः रांगेत उभे राहून माझं तिकीट घेऊन आले. माझ्यासाठीच, एकाच माणसाचं. मला त्यांचा राग राहिला नव्हता. पण परक्या मुलखात माणूस वेगळा होतो आणि घरी आला की पुन्हा पहिल्यासारखा. आफ्रिकेत भेटलेला हा नवरा बहरीनमध्ये असेल की नाही याची मला खात्री वाटत नव्हती, आणि तसं मी तोंडावर सांगितलं. हे म्हणाले, "मलाही नाही." बोट सुटली तेव्हा धक्क्यावर हे हात न हलवता नुसते उभे होते.

माहेरी सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. पण पुरुषांची पंगत बसली, आई वाढायला लागली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बसले, तेव्हा मला चुकल्यासारखं झालं. आई म्हणाली, "बाय माझे, हयसर बस, त्यांचा झाला की आपण जेवू." आपण, म्हणजे आई, वहिनी आणि मी. एकत्र, गप्पा मारत. मला जे हवं होतं ते इथे आयतं होतं. तरी दर वेळी हात धुताना मनात यायचं, तिकडे ओट्यापाशी आता हे एकटेच जेवत असतील. सगळं असं उलटंपालटं होऊन बसलं होतं. बहरीनच्या व्हिसाची मुदत संपायला आली. ती संपली की खलास, पुन्हा जाता आलं नसतं. मी वडिलांना न विचारता तार केली, येते म्हणून, आणि त्यात विमानाचा नंबर घातला.

विमानाला उशीर झाला. बहरीनला उतरले तेव्हा दुपार टळून गेली होती. हे घ्यायला आले होते. बारीक झाले होते. गाडीच्या खिडकीतून तोच पांढरा उजेड, तीच खारी हवा. चुकलं तर नाही ना आपलं?

घरी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं आणि त्यावर दोन ताटं. शेजारी भात, आमटी, तळलेली मासळी. सगळं गारढोण झालेलं.

"तुम्ही जेवला नाहीत?" मी विचारलं.

"तू यायची होतीस ना." सकाळपासून पोटात काही नसावं. ओठ सुकले होते.

आता पंचाईत अशी, की मी विमानात जेवले होते. चांगली पोटभर. पूर्वीची मी असते तर चकार शब्द काढला नसता. मी म्हटलं, "अहो, मी जेवलेय. विमानात देतात."

ह्यांचा चेहरा पडला. पण लगेच म्हणाले, "बरं झालं. उपाशी नाही राहिलीस." आणि ते मनापासून म्हणाले, मला ऐकू आलं ते.

मी चपला काढल्या, हात धुतले आणि एका ताटापुढे मांडी घालून बसले. "वाढा," मी म्हटलं. "भूक नाही, पण वाढा."

ह्यांनी त्याआधी कुणाला वाढलं नव्हतं. भात ताटाबाहेर सांडला, आमटी वर्तमानपत्रावर ओघळली. मग स्वतःच्या ताटात घेतलं आणि हात मांडीवर ठेवून, मी पहिला घास घेईपर्यंत, थांबून राहिले.